निळ्या दिव्याखालची लाल अक्षरं

१

"साडेअठरा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आम्हा चौघांच्या तोंडचं पाणी पळालं.

काल सकाळी रक्तातल्या काविळीचा हाच आकडा सोळा होता. बाळ तीन दिवसांचं, तीन आठवडे आधीच घाई करून आलेलं, त्यात कावीळ. नव्या बाळांना होते, निळ्या दिव्याखाली ठेवलं की उतरते, घाबरू नका, असं डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. आम्ही घाबरलो नाही. बाळ अख्खा एक दिवस दिव्याखाली होतं आणि कावीळ उतरायची सोडून वर चढून बसली होती.

"शेजारच्या खाटेवरचं बाळ काल सतरावर होतं, आज बारावर आलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खोली तीच, दिवा तसाच, सिस्टर त्याच. आईचा आणि बाळाचा रक्तगट मी तपासलाय, त्यात गडबड नाही. मग एकच गोष्ट उरते."

"कोणती?" माझ्या भाच्यानं विचारलं. बाळाचा बाप तो.

"बाळ दिव्याखाली राहतच नसावं."

झालं. माझ्या वहिनीनं, म्हणजे बाळाच्या आजीनं, मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"मी सांगणार नव्हते," ती म्हणाली, म्हणजे सांगणारच होती. "आज सकाळी मी आले तेव्हा बाळ हिच्या मांडीवर होतं. खाट रिकामी आणि दिवा उगाच जळतोय. विचारलं तर म्हणते, दूध पाजत होते. दूध पाजून अर्धा तास झाला होता, सिस्टरांनी वहीत लिहिलंय."

बाळंतपणानं आधीच उतरलेला सुनेचा चेहरा आणखी उतरला.

डॉक्टरबाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्यांनी भराभर सांगून टाकलं. चार वाजता पुन्हा तपासणी. आकडा वीसच्या वर गेला तर बाळाला मोठ्या इस्पितळात हलवायचं आणि त्याचं रक्त बदलायचं, म्हणजे थोडं काढायचं, थोडं भरायचं, असं सगळं. त्यात धोका आहे. नाही बदललं तर त्याहून मोठा धोका आहे, पिवळा रंग मेंदूत उतरतो. भाच्यानं आत्तापासून रक्ताच्या मागे लागावं. आणि तोवर आईनं खोलीत यायचं नाही. दूध वाटीत काढून द्यायचं, सिस्टर चमच्यानं पाजतील.

सून उठली आणि मुकाट्यानं बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तीन दिवसांच्या बाळाची आई, आणि बाळ भिंतीपलीकडे. मला बघवेना.

मी बाळाच्या बापाची आत्या. एकतीस वर्षं कापडाच्या रंगखान्यात रंगजुळणी केली, म्हणजे गिऱ्हाईकानं धाडलेल्या नमुन्याशी आमच्या कापडाचा रंग तंतोतंत जुळतो की नाही हे डोळ्यानं ठरवायचं. तिथे मला रंगमास्तरीण म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पर्समध्ये रंगीत धाग्यांचं कार्ड असतंच. आणि सवय अशी जडली आहे की दोन गोष्टी सारख्या आहेत असं कुणी म्हटलं की माझा आधी विश्वासच बसत नाही.

"दिवा तसाच," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. घड्याळात साडेदहा वाजले होते.

२

मी आधी बाकावर गेले.

"खरं सांग पोरी," मी म्हटलं, "किती वेळ घेतलं होतंस?"

"सहा मिनिटं." तिनं नाक पुसलं. "घड्याळ बघूनच घेतलं, आत्या. डोळ्यांवर पट्टी, अंगावर काही नाही, एकटंच हात हलवत पडलेलं असतं. रडायला लागलं. मला राहवलं नाही."

"आणि काल?"

"काल फक्त पाजायला. शप्पथ."

"मग सासूला खोटं का सांगितलंस?"

"त्यांचा चेहरा बघितलात ना?"

बघितला होता. चाळीस वर्षं बघत आले आहे. वहिनी मनानं वाईट नाही, पण काळजी वाटली की तिला आधी कुणाला तरी रागवावं लागतं, त्याशिवाय चैन पडत नाही.

चोवीस तासांत सहा मिनिटं. एवढ्यानं का कावीळ वाढते? आमच्या रंगखान्यात याला म्हणायचे, चोर सोडून संन्याशाला फाशी. मी चपला काढून, हात धुऊन आत शिरले.

खोली छोटी. एका रांगेत तीन खाटा, प्रत्येकीच्या डोक्यावर लोखंडी स्टँडला लटकवलेला लांबट दिवा, त्यात आडव्या नळ्या. खिडकीला जाड पडदा. दाराजवळच्या खाटेवर शेजारचं बाळ, मधल्या खाटेवर आमचं, भिंतीकडची तिसरी रिकामी. दिवे मात्र तिन्ही चालू होते, सिस्टर म्हणाल्या की तिसऱ्या खाटेवर अकरा वाजता नवं बाळ येणार होतं, ते आता संध्याकाळी येणार.

वहिनी मागोमाग आलीच. "बघा वन्सं, सगळ्यात चांगली जागा मिळवली होती मी. काल आलो तेव्हा या सिस्टर त्या भिंतीकडच्या खाटेवर ठेवत होत्या. तिथे बघा कसा अंधार आहे. भांडून मधली मागून घेतली. हिच्यावर उजेड सगळ्यात जास्त. आणि काय उपयोग झाला? आईनंच बाळ उचलून नेलं तर दिवा काय करणार!"

उजेड खरंच जास्त होता. दाराजवळचा आणि भिंतीकडचा दिवा गडद निळे, जरा उदासच. आमचा निळाच, पण मोकळा, उजळ, डोळ्याला बरा वाटणारा. आमच्या बाळाचं पिवळं अंग त्यात स्पष्ट दिसत होतं. शेजारचं बाळ कसं दिसत होतं म्हणाल, तर राखाडी निळं. पिवळेपणाचा मागमूस नाही.

"त्याची उतरली म्हणून दिसत नाही," वहिनी सुस्कारा टाकून म्हणाली.

मी वाकून बाळांच्या पायाला बांधलेल्या पट्ट्या वाचल्या. जन्मवेळ, वजन, आईचं नाव. आमच्या बाळाची पट्टी लाल शाईत लिहिलेली, शेजारच्याची काळ्या शाईत. लिहिणारं अक्षर एकच होतं, बाकदार आणि ठसठशीत.

मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. एकतीस वर्षं रंगजुळणी करून सोडून दिलं! निवृत्ती माणसाला अशी मठ्ठ करते.

३

माझा पहिला संशय सिस्टरांवर. वहीत काहीही लिहिता येतं.

"बसा," त्या म्हणाल्या आणि वही माझ्यापुढे सरकवली. "तुम्हाला वाटतंय मी झोपा काढते."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तुमच्या भुवया म्हणाल्या."

बाई फटकळ निघाली, माझा संशय तिथेच निम्मा झाला. लबाड माणूस गोड बोलतं. वही स्वच्छ होती. प्रत्येक बाळ कधी काढलं, कधी ठेवलं, मिनिटासकट. शेजारचं बाळ काल वीस तास दहा मिनिटं दिव्याखाली होतं. आमचं वीस तास चाळीस.

"म्हणजे आमचं अर्धा तास जास्तच!"

"तेच तर मी डॉक्टरबाईंना सांगतेय. पण आकडा वाढला की वहीवर कोण विश्वास ठेवतं? सुनेनं सहा मिनिटं उचललं तेही लिहिलंय. खाडाखोड नाही माझ्याकडे."

"दिवे कधी बदलले होते?"

"बाजूचे दोन्ही महिन्यापूर्वी, मी स्वतः समोर उभी होते. मधला..." त्यांनी जरा आठवलं. "मधल्याच्या नळ्या गेल्या होत्या. मी दोन दिवस रजेवर होते. आले तर दिवा लागलेला. वायरमन म्हणाला, नवीन टाकल्या. छान उजळ आहेत."

"मोजलं कुणी? दिवा किती काम करतोय ते?"

"मोजायचं यंत्र आहे. दुरुस्तीला गेलंय."

"आणि कोणती खाट कुणाला, हे तुम्ही ठरवता?"

"मीच. पण तुमच्या वहिनींपुढे माझं काही चाललं नाही."

इतक्यात शेजारचं बाळ रडायला लागलं. पाजायची वेळ झाली होती. सिस्टरांनी त्याला कपड्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि खिडकीजवळ बसलेल्या त्याच्या आईच्या हातात दिलं. बाहेर लख्ख ऊन. बाळानं पाय झाडला, कपडा सरकला, आणि पट्टीवर ऊन पडलं.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

पट्टीवरची अक्षरं लालभडक होती.

"सिस्टर," मी म्हटलं, "या बाळाची पट्टी बदलली का हो तुम्ही आत्ता?"

"बदलणार कशी? जन्मतात तेव्हा बांधतो, घरी जाताना कापतो."

"आणि लिहिता कशानं?"

त्यांनी खिशातून पेन काढून दाखवलं. लाल. "सगळ्या पट्ट्या याच पेनानं. दुसरं मी वापरत नाही, काळं पेन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसाठी. का?"

खरं सांगते, मला हसू येत होतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. आणि फसवायला जगात उजेडासारखा दुसरा भामटा नाही.

४

मी पर्समधून धाग्यांचं कार्ड काढलं आणि डॉक्टरबाईंना जवळजवळ ओढतच आत आणलं. त्या चिडल्या होत्या. मोठ्या इस्पितळाला फोन लावत होत्या त्या.

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "दोन मिनिटांत तुम्हाला पटलं नाही तर मलाही बाकावर बसवा."

मी कार्ड दाराजवळच्या दिव्याखाली धरलं. "हा धागा कुठला?"

"काळा."

"हा?"

"तोही काळाच. जरा मळकट."

"आता इथे या." मी तेच कार्ड आमच्या बाळाच्या दिव्याखाली नेलं. पहिला धागा लाल झाला. दुसरा पिवळा. निळ्या उजेडात जरा मळलेले दिसत होते, पण लाल तो लाल आणि पिवळा तो पिवळा, लपत नव्हते.

डॉक्टरबाईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. स्वतः तीनदा इकडून तिकडे नेलं. मग तिसऱ्या, रिकाम्या खाटेवर धरलं. पुन्हा दोन्ही काळे.

"लाल वस्तू लाल का दिसते?" मी म्हटलं. "तिच्यावर पडलेल्या उजेडातला लाल ती परत फेकते, म्हणून. उजेडात लाल नसेलच तर फेकणार काय? ती काळी दिसणार. या दोन दिव्यांत निळ्याशिवाय काही नाही. आमच्या दिव्यात लाल आहे, पिवळाही आहे. वरवर निळा दिसतो, पण आत सगळी भेसळ."

"पण उजेड जास्त आहे," मागून वहिनी म्हणाली. ती दारात उभी होती.

"जास्त असून काय उपयोग, वहिनी? आमच्या रंगखान्यात कापडाचा रंग उन्हात विटतो का ते तपासायचो. एका खोक्यात लाल दिवा लावला, चांगला मोठा, महिनाभर. कापड जसंच्या तसं. दुसऱ्यात एवढासा जांभळा दिवा, आणि चार दिवसांत रंग उडायला लागला. तेव्हा आमच्या साहेबांनी समजावलं होतं. उजेड धारेसारखा सलग येत नाही, पुड्यापुड्यांनी येतो. त्या पुड्यांना फोटॉन म्हणतात. लाल उजेडाची लाट लांब, म्हणून पुडी हलकी. निळ्याची लाट आखूड, म्हणून पुडी जड, लालच्या जवळजवळ दीडपट. उजेड वाढवला म्हणजे पुड्या जास्त येतात. पण एकेक पुडी होती तेवढीच राहते."

"मग हलक्या दोन मिळून एक जड होईल की," वहिनी म्हणाली. हिशोबात ती कुणाला ऐकत नाही.

"नाही ना होत! फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायचाय समजा. उंच माणूस एकच आला तरी काढतो. बुटकी शंभर आली, आणि कुणी कुणाच्या खांद्यावर चढायचं नाही असं ठरलं, तर डबा वरच राहणार. उजेडाचं तसं आहे. प्रत्येक पुडीनं आपापलंच पोचायचं."

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "आणि काविळीचा रंग पिवळा." आता त्या माझ्याशी नाही, स्वतःशी बोलत होत्या. "पिवळा दिसतो कारण तो निळा गिळतो. निळा गिळला की त्याच्या रेणूची घडी बदलते, मग शरीर त्याला बाहेर टाकू शकतं. म्हणून तर निळा दिवा. लाल, पिवळा कितीही ओता, तो रेणू त्याच्याकडे ढुंकून बघत नाही." त्यांनी वर आमच्या दिव्याकडे पाहिलं. "हे मी परीक्षेत लिहिलंय हो. पूर्ण गुण मिळाले होते."

"परीक्षेत दिवा चालू नसतो," सिस्टर म्हणाल्या.

पुढच्या क्षणी सिस्टरांनी बाळ उचललं आणि भिंतीकडच्या खाटेवर, त्या उदास गडद दिव्याखाली ठेवलं. पायावरच्या पट्टीवरची लाल अक्षरं आमच्या डोळ्यांदेखत काळी झाली.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

प्रश्न एवढाच उरला की हे केलं कुणी.

वायरमन आला तो शिडी घेऊनच. धट्टाकट्टा, हसतमुख माणूस, कानावर पेन्सिल. त्याला वाटलं दिवा गेला.

"गेला नाही, फार छान चाललाय," मी म्हटलं. "उघडून दाखवा."

"अहो, चाललाय तर उघडू कशाला?"

"उघडा."

त्यानं दिवा बंद करून झाकण काढलं. आत चार नळ्या, नेहमीच्या घरगुती, जरा पिवळसर पांढऱ्या उजेडाच्या. आणि झाकणाच्या आतून नीट कापून, कडांना चिकटपट्टी लावून बसवलेला पातळ निळा पारदर्शक कागद. काम इतकं सफाईदार होतं की मला मनातून कौतुकच वाटलं.

"हे काय?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

"निळा कागद," तो म्हणाला, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "त्या खास नळ्या मागवल्या होत्या, आठ दिवस लागतील म्हणाले. इकडे एखादं बाळ आलं तर? मी सुट्टीच्या दिवशी नाटकांना दिवे लावतो. रंगमंचावर रात्र दाखवायची असली की हाच कागद लावतो. समोर बसलेल्या माणसाला वाटतं खरंच रात्र झाली. घरी पडला होता, आणून लावला. आणि कागदानं उजेड कमी होतो म्हणून नळ्या दीडपट उजेडाच्या टाकल्या. बाळाला कमी पडू नये."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"काही चुकलं का?"

बिचारा! प्रेक्षकाच्या डोळ्याला निळं दिसलं की नाटकाचं काम झालं, हे त्याला पक्कं ठाऊक. पण काविळीचा रेणू काही तिकीट काढून समोर बसलेला नसतो. पिवळसर नळीत मुळात निळा थोडा, त्यातला काही कागदानं खाल्ला, आणि लाल, पिवळा मात्र कडेकडेनं निसटून आत आला. आपल्या डोळ्याला निळ्यापेक्षा हा बाकीचाच उजेड जास्त जाणवतो, म्हणून दिवा उजळ वाटायचा. कामाचा निळा मात्र जेमतेम नावाला.

मी त्याला समजावून सांगितलं. तो शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला. "मला पण पोरगी आहे हो," एवढंच म्हणाला. मग उठला, कागद टराटरा फाडला आणि नळ्या आणायला स्वतः निघाला. आठ दिवसांचं काम त्यानं दुपारी दोनपर्यंत करून दाखवलं, कुठून आणल्या कुणास ठाऊक.

डॉक्टरबाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. "मला न विचारता नळ्या बदलल्या, आणि मीही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र दुरुस्तीला गेलं तेव्हाच दुसरं मागवायला हवं होतं." त्यांनी पेन काढून वहीत स्वतःच्या सहीनं ते लिहिलं. मग बाहेर गेल्या, बाकासमोर उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "बाई, माझं चुकलं. आत चला. बाळाजवळ बसा."

सून आत गेली. मी वळून पाहिलं तर वहिनी खोलीत नव्हती.

६

ती बाकावर बसली होती. सुनेच्याच जागेवर.

"वन्सं, ती मधली खाट मी मागून घेतली होती," ती म्हणाली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "सिस्टर त्याला तिकडेच ठेवत होत्या. तिकडे ठेवलं असतं तर आज बाळाला घरी न्यायच्या गोष्टी करत असतो आपण. मी भांडले. आणि वर त्या पोरीला..."

सांत्वन करावं तर खोटं, रागवावं तर आधीच मोडलेली. मी शेजारी बसले. भाच्याचा फोन आला, दोन रक्तदाते मिळाले होते, तिसऱ्याच्या शोधात होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, तरी मी रक्त घेऊनच येतो." शहाणा आहे. दिवा सापडला म्हणजे आकडा उतरला असं नव्हे.

बारा वाजले. एक वाजला. चमच्यानं पाजायला दहा मिनिटं, की लगेच परत दिव्याखाली. सून खाटेशेजारच्या स्टुलावर ताठ बसून होती, हात मांडीवर घट्ट धरलेले. बाळ रडलं तर ती त्याला उचलत नव्हती, नुसता पाय धरून ठेवत होती. ते बघून वहिनीचा धीर सुटला.

ती आत गेली. मी दारातून ऐकत होते. हो, ऐकत होते, माझं वय झालंय, मला परवानगी आहे.

"अगं," वहिनी म्हणाली, "मी तुला फार बोलले."

"हो," सून म्हणाली.

"सगळ्यांसमोर बोलले."

"हो."

"आणि चूक माझीच होती. मला वाटलं उजेड जास्त, तर..."

सुनेनं बाळाचा एक पाय सोडला आणि त्या हातानं सासूचा हात धरला. "आई, तुम्ही त्याच्यासाठी उजेडच मागितला ना? अंधार तर नाही मागितला."

दोघी रडायला लागल्या. सिस्टर मला म्हणाल्या, "आता या दोघींनाही बाहेर काढू का?" पण त्यांचाही आवाज ओला होता.

चार वाजता रक्त घेतलं. बाळाच्या टाचेतून थेंबभर. तपासणीला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत भाचा आला, घामाघूम, हातात रक्तपेढीचे कागद. आम्ही चौघं एका बाकावर बसलो होतो आणि वायरमन शिडीला टेकून उभा होता. त्याला जायला सांगितलं तरी गेला नव्हता.

दार उघडलं. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, मी त्यांच्या चपलांकडे बघत बसले.

"सतरा," त्या म्हणाल्या. "उतरतोय. पाच तासांत दीड उतरला. रक्त बदलायचं नाही."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. भाचा वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. वायरमननं शिडी खांद्यावर टाकली आणि कुणाशी काही न बोलता निघून गेला, पण जिन्यावरून त्याची शीळ ऐकू आली. सुनेनं विचारलं, "पाजू का आता? मीच? चमच्यानं नाही ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हीच. आणि सहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी आकडा तेरा. तिसऱ्या दिवशी दहा, आणि दिवा बंद.

मात्र त्या दोन दिवसांत वहिनीनं सगळ्यांना वात आणला. दर तासाला खोलीत डोकावायची, बाळाच्या पायाशी वाकायची. आकड्यावर तिचा विश्वास नव्हता, दुरुस्त होऊन आलेल्या यंत्रावर नव्हता, नव्या नळ्यांवर तर मुळीच नव्हता. जन्मभर काळा रंग अंगाला लावून न घेतलेली बाई, सुनेच्या काळ्या ड्रेसवरून वर्षभर घर डोक्यावर घेतलेली. ती चष्मा पुसून विचारायची,

"वन्सं, मला नीट दिसत नाही. अक्षरं काळीच आहेत ना हो?"

"काळीकुट्ट आहेत, वहिनी."

"मग ठीक," ती म्हणायची, आणि जाऊन सुनेशेजारी बसायची.